टेबल दुमडतं, खुर्ची दुमडत नाही: वन बीएचकेमध्ये कामाची जागा

घरात कामासाठी कोपरा करायचा म्हटलं की आधी टेबल शोधायला सुरुवात होते. पण लहान घरात खरी जागा खुर्ची खाते. टेबल भिंतीवर चढवता येतं, दुमडता येतं, कपाटात घालता येतं. खुर्चीला मागे सरकायला, वळायला आणि उठायला मोकळी लादी लागते, आणि ती रोज लागते. चाकांच्या खुर्चीचा पाच पायांचा तळ साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर व्यासाचा असतो. टेबलाच्या कडेपासून मागे ९० सेंमी मोकळे असले तर सरळ मागे सरकून उठता येतं. ७५ सेंमी असले तर बाजूला वळून उठावं लागतं. त्याहून कमी असले तर खुर्ची भिंतीला घासत राहते आणि महिन्याभरात रंगावर ओरखडे दिसू लागतात.

टेबलाची खोली ६० सेंमी धरली, तर भिंतीपासून १५० सेंमी म्हणजे पाच फूट लागतात. रुंदी तीन फूट चालते, चार फूट असेल तर आराम. हा चार बाय पाच फुटांचा हिशेब डोक्यात ठेवून घरात फिरा.

जागा मनात ठरली की लगेच खरेदीला जाऊ नका. टेबल आणि खुर्ची मिळून जेवढी जागा व्यापतील तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं लादीवर चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कपाटाचं दार उघडताना ते कागदावर येतं का, रात्री गाद्या घालताना काय होतं, स्वयंपाकघरातून बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाण्याची वाट तिथूनच जाते का, हे त्या दोन दिवसांत कळतं. कागदाला दहा वेळा पाय लागला, तर खुर्चीलाही लागणार. कागद हलवायला काहीच खर्च नाही, म्हणून चुका याच टप्प्यावर होऊ द्या.

कोणता कोपरा, कोणता नको

हॉलच्या खिडकीजवळची भिंत बहुतेक घरांत उत्तम ठरते. बेडरूममध्ये कपाट आणि भिंत यांच्यात राहिलेली तीन-साडेतीन फुटांची खाचही चालते. तीन बाजूंनी आडोसा मिळतो, आणि कामाच्या वेळी दार लावून घेता येतं.

काही जागा दिसायला सोयीच्या असतात, पण घात करतात. स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटखाली टेबल ठेवू नका. निचऱ्याची नळी तुंबली की पाणी नेमकं खाली टपकतं, आणि ते लॅपटॉपच्या कीबोर्डवर पडतं. बाथरूमला लागून असलेली भिंत हात लावून पाहा. गारवा किंवा रंगाला पोपडे दिसले तर तिथे प्लायवूड लावायचं नाही. मुंबई आणि कोकणात पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरतात. उन्हाळ्यात घर पाहून टेबल बसवणाऱ्यांना हे पहिल्या पावसाळ्यातच समजतं. गेल्या वर्षीचे डाग कुठे होते ते घरातल्यांना विचारा. भाड्याचं घर असेल तर शेजाऱ्यांना विचारा.

बंद केलेली बाल्कनी सगळ्यांना मोहात पाडते. उजेड आहे, दार आहे, घरापासून थोडी वेगळीही आहे. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय तिथे जाऊ नका. पहिली म्हणजे ऊन. बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि काचेमागची पश्चिमेची बाल्कनी एप्रिलच्या दुपारी हा आकडा सहज ओलांडते. विदर्भात तर तो विचारही नको. दुसरी म्हणजे पावसाचं पाणी: सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेतली पाणी जाण्याची भोकं बुजली असतील तर पाणी आत येतं. तिसरी म्हणजे वजन. बाल्कनीचा स्लॅब बहुधा एकाच बाजूने आधारलेला असतो, म्हणून फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट बाहेरच्या कडेला ठेवू नये. हलकं टेबल आणि एक माणूस ठीक.

नागपूर-अमरावतीकडच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. कूलरचा झोत थेट टेबलावर घेऊ नका. ओलसर वाऱ्याने कागद मऊ पडतो आणि प्रिंटर दोन-दोन पानं एकदम ओढतो. कूलर बाजूने वाहू द्या.

कोपर मोजा, मग टेबल

बाजारातलं तयार टेबल जवळजवळ नेहमी ७५ सेंमी म्हणजे साडेएकोणतीस-तीस इंच उंच असतं. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाला ते टायपिंगसाठी उंच पडतं. खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मानेच्या मुळाशी दुखतं. लोक खुर्ची बदलतात, उशी घेतात, मलम लावतात. दोष टेबलाचा असतो.

मोजायचं असं. खुर्चीवर ताठ बसा, तळवे लादीवर पूर्ण टेकलेले, मांड्या आडव्या. दंड सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा. दुसऱ्या माणसाने लादीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप लावायची. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचं हे माप साधारण ६२ ते ६५ सेंमी येतं. पाच फूट सात-आठ इंच असेल तर ६७-७०. टेबलाचा वरचा पृष्ठभाग या मापाइतकाच किंवा जास्तीत जास्त दोन-तीन सेंमी वर असावा. घरात दोघं एकच टेबल वापरणार असतील तर ठेंगण्या व्यक्तीचं माप धरा. उंच माणसाला खुर्ची खाली करता येते किंवा पाय पुढे पसरता येतात, पण ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळले तर मांडीखाली कड रुतते.

टेबल आधीच घेतलेलं असेल आणि उंच असेल तर पाय कापता येतात का ते बघा. लाकडी पाय सुतार दहा मिनिटांत कापून देतो. लोखंडी असतील तर खुर्ची वर घ्या आणि जेवढी वर घेतली तेवढाच आधार पायाखाली द्या. घरातला जेवणाचा पाट चार-पाच सेंमी उंच असतो. दोन पाट एकावर एक ठेवले तर सरकतात, म्हणून त्यांच्यामध्ये रबरी मॅटचा तुकडा घाला. आडवी ठेवलेली वीट साडेसात सेंमी उंच येते. दोन विटा शेजारी ठेवून गोणपाटात गुंडाळल्या तर उत्तम पायटेकू होतो.

लॅपटॉप किंवा मॉनिटरच्या पडद्याचं माप डोळ्यांवरून घ्यायचं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर एक हात लांब, म्हणजे ५० ते ७० सेंमी. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर पडदा आणखी चार-पाच सेंमी खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर उचलावी लागते. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्यावेच लागतात. पडदा डोळ्यासमोर आणला की कीबोर्ड वर जातो, कीबोर्ड हाताशी ठेवला की मान खाली जाते. स्टँडसाठी पैसे घालवायचे नसतील तर जाड पुस्तकांचा १५-२० सेंमीचा गठ्ठाही तेच काम करतो, फक्त लॅपटॉपच्या खालच्या जाळ्या बुजू देऊ नका.

सुताराला सांगायचं ते

माप इंचांत सांगा, कारण सुताराची टेप आणि डोकं दोन्ही इंच-सुतांत चालतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘तयार उंची सत्तावीस इंच’ असं स्पष्ट म्हणा. ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नाहीतर पाय सत्तावीस इंचांचे कापले जातात, वर १८ मिलिमीटरचं प्लाय आणि सनमायका बसतो आणि टेबल पाऊण इंचाने चढतं.

प्लायवूड १८ मिमीचं घ्या. किनारपट्टीच्या भागात आयएस ७१० ची खूण असलेलं, म्हणजे मरीन दर्जाचं घेतलेलं बरं. पुढे दरवर्षी पावसाळ्यात कडा फुगल्या की आधी वाचवलेले पैसे आठवतात. आठ बाय चारच्या एका तावातून चार बाय दोन फुटांचे चार तुकडे निघतात. टेबलाला एक पुरतो, दुसऱ्यात शेल्फ होतात. अख्खा ताव घ्यायची गरज नाही. बरेच दुकानदार अर्धा ताव कापून देतात, किंवा सुताराकडे दुसऱ्या कामातून उरलेला तुकडा असतो.

सनमायका वरून एक मिमीचा, फिकट रंगाचा आणि मॅट घ्या. चकचकीत असेल तर खिडकीचं प्रतिबिंब दिवसभर डोळ्यांत येतं, आणि काच टाकली तर साधा ऑप्टिकल माऊस अडखळतो. आणि खालच्या बाजूलाही बॅकिंगचा पातळ सनमायका लावायला सांगा. इथे पैसे वाचवायचा आग्रह सुतार स्वतःच करतो: ‘खालून कोण बघतंय?’ कोणी बघत नाही हे खरं, पण एका बाजूलाच सनमायका असला तर उघडी बाजू दमटपणा पिते आणि फळी वाटीसारखी वाकते. मोकळी चार फुटी फळी दोन पावसाळ्यांत डगमगू लागते ती यामुळेच.

ड्रॉवर. प्रत्येक सुतार टेबलाखाली ड्रॉवर सुचवतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक हो म्हणतं. जरा गणित करून बघा. खुर्चीची बैठक ४२ सेंमीवर, मांडीची जाडी १५ सेंमी, म्हणजे मांडी ५७ सेंमीपर्यंत पोचली. टेबलाचा खालचा भाग ६६-६७ सेंमीवर. मधे उरले नऊ-दहा सेंमी. ड्रॉवरची पेटी दहा सेंमीची असते. आता पाय कुठे घालणार? याच कारणाने टेबलाच्या पुढच्या कडेखाली आडवी पट्टी ठोकू देऊ नका. मजबुतीसाठी पट्टी हवीच असेल तर ती मागच्या बाजूला, भिंतीकडे. ड्रॉवर हवा असेल तर चाकांवरची अरुंद पेटी बाजूला उभी ठेवा.

पुढची कड गोलसर घासून घ्या. टोकदार कडेवर मनगटं टेकून आठ तास काढता येत नाहीत. टेबल भिंतीपासून दोन सेंमी सोडून ठेवा, त्या फटीतून वायरी जातात आणि हवा खेळते. लाकडी पायांखाली प्लास्टिकचे बूट घाला. लादी रोज पुसली जाते आणि पायांचं तोंड खालून पाणी ओढतं.

वरची शेल्फ टेबलापासून किमान ४५-५० सेंमी वर आणि २५ सेंमीपेक्षा जास्त खोल नको, नाहीतर उठताना डोकं आपटतं. दोन आधारांमधलं अंतर अडीच फुटांवर नेऊ नका. कागद दिसतो त्याहून जड असतो: ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचं पाचशे पानांचं एक रीम २.३ किलो भरतं. बॉक्स फाइल उभी राहायला ३६-३७ सेंमी मोकळी उंची ठेवा.

भिंतीवरचं घडीचं टेबल

हॉलमध्येच रात्री झोपायचं असेल तर हाच उपाय. काम संपलं की टेबल भिंतीला चिकटतं आणि लादी मोकळी होते. ३६ बाय २० इंचांची १८ मिमी प्लायची फळी सुमारे पाच किलो भरते. तिला १४ ते १६ इंचांचे दोन घडीचे ब्रॅकेट लागतात. ब्रॅकेट फळीच्या खोलीच्या दोन-तृतीयांशापेक्षा आखूड असेल तर फळीचं पुढचं टोक हलतं.

आधी भिंत कशाची आहे ते ओळखा. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट. पांढरट-करडी, हलकी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटची हलकी, सच्छिद्र वीट. ड्रिल जेमतेम शिरलं, करडी भुकटी आली तर काँक्रीट. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे हॅमर ड्रिलशिवाय काम होत नाही. एएसी ब्लॉकमध्ये मात्र हॅमर बंद ठेवून साधं फिरवायचं, नाहीतर भोक ऐसपैस होतं आणि प्लग फिरत राहतो. त्यासाठी ब्लॉकचे वेगळे, रुंद पंखांचे प्लग मिळतात, तेच घ्या. विटेत लोखंडी अँकर बोल्ट ठोकू नका, ते फुगताना वीट चिरते. तिथे हार्डवेअरच्या दुकानात ज्याला फिशर म्हणतात तो नायलॉनचा प्लग योग्य.

भोक किती खोल? आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमीचा असतो आणि तो काहीच वजन धरत नाही. त्यामुळे ८ मिमीचं, ६० मिमी खोल भोक आणि ५० मिमीचा प्लग पूर्ण आत ढकलून, त्याची पकड विटेत आली पाहिजे. टेबल भिंतीतून उखडून येतं त्यामागे बहुतेकदा एकच कारण असतं: दीड इंची स्क्रू, ज्याची अर्धी लांबी ब्रॅकेट, लाकूड आणि गिलाव्यातच संपते.

ताण किती येतो ते बघा. कोणी पुढच्या कडेवर कोपर टेकून २० किलो भार दिला, भिंतीपासूनचं अंतर ५० सेंमी, आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये १५ सेंमी अंतर. वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर २० गुणिले ५० भागिले १५, म्हणजे सुमारे ६७ किलो. दोन ब्रॅकेटमध्ये वाटला तरी प्रत्येकी तेहतीस. विटेत नीट बसलेला प्लग हे सहज झेलतो, गिलावा नाही झेलत. मूल टेबलावर चढून बसलं तर हा आकडा दुप्पट होतो, म्हणून ब्रॅकेट थेट भिंतीवर न लावता आधी दोन इंच रुंद, एक इंच जाड सागाच्या दोन उभ्या पट्ट्या भिंतीवर लावा. प्रत्येक पट्टीला सहा-सहा इंचांवर स्क्रू, आणि मग त्या पट्ट्यांवर ब्रॅकेट. पट्टीची इंचभर जाडी धरून इथे तीन ते साडेतीन इंची स्क्रू लागतात, आणि त्यांच्या लांबीप्रमाणे भोकही थोडं जास्त खोल घ्या. भार चारऐवजी आठ-दहा जागी वाटला जातो.

क्रम असा ठेवा. तयार उंचीतून फळीची जाडी वजा करून भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. पाणसळ लावून आडवी रेघ ओढा. लादीवरून मोजून दोन खुणा जोडू नका, कारण लादीला निचऱ्यासाठी किंवा चुकीने उतार असतो. ब्रॅकेट फळीच्या दोन्ही टोकांपासून सहा-सहा इंच आत घ्या, दुमडल्यावर ते एकमेकांना अडत नाहीत ना ते हातात धरून पाहा, मगच भोकं पाडा. फळी बसवल्यावर एकदा दहा-दहा किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या पुढच्या कडेजवळ ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पट्टी आणि भिंत यांच्यात केसाइतकीही फट दिसली तर स्क्रू काढून लांब घाला.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना १५ सेंमीपर्यंत ड्रिल लावू नका. दबलेल्या वायरी बोर्डमधून बहुधा सरळ उभ्या वर जातात. बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या सामायिक भिंतीत पाण्याचे पाइप असतात, तिथेही नाही. मॉनिटरचा क्लॅम्पचा आर्म घडीच्या फळीवर लावता येत नाही; मॉनिटर हवाच असेल तर त्याच्या पाठीवरच्या ७५ किंवा १०० मिमीच्या चार भोकांत बसणारा भिंतीचा स्टँड लावा.

भाड्याच्या घरात भोकं पाडायला परवानगी नसेल तर घडीच्या पायांचं टेबल किंवा आहे त्या कपाटातलं ऑफिस. कपड्यांचं कपाट ६० सेंमी खोल असतं, म्हणजे टेबलाच्या खोलीइतकंच. खालचे दोन कप्पे काढा, सत्तावीस इंचांवर फळी ठेवा, गुडघ्यांना आत ४५ सेंमी मोकळे सोडा. मागच्या फळीत वायरींसाठी ६० मिमीचं भोक लागतं. कपाट घरमालकाचं असेल तर त्यालाही विचारूनच. लॅपटॉप चार्जिंगला लावून दार बंद करू नका, आत ऊब साठते.

चाळीतली दहा बाय बाराची खोली असेल, किंवा पोटमाळ्यावर उभं राहता येत नसेल, तर बैठं डेस्क हा कमीपणा नव्हे. पूर्वीच्या पेढ्यांवर हिशेब त्यावरच लिहिले जात. मांडी घालून जाड चटईवर बसा, कोपर मोजा. डेस्कची उंची बहुधा २८-३० सेंमी येते. पाठ भिंतीला टेकवा, आणि पाऊण तासाला एकदा उठा, कारण मांडीत पायांचा रक्तप्रवाह दबतो.

खुर्ची

जी मिळेल ती चालेल असं नाही, पण फार महागही लागत नाही. बैठक ४० ते ५० सेंमी खाली-वर व्हावी. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावावीत. जास्त खोल बैठकीत ठेंगणा माणूस पाठ टेकवूच शकत नाही. हातांचे आधार टेबलाखाली जातात का ते दुकानात मोजून बघा, नाहीतर खुर्ची कायम अर्धा फूट बाहेर राहते आणि पाच फुटांचा हिशेब साडेपाचवर जातो. पाठ जाळीची घ्या. स्वस्त रेक्झिन दमट हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडतं.

वीज

कामाच्या टेबलाचा भार किरकोळ असतो: लॅपटॉप ६५ वॅट, २४ इंची मॉनिटर २०-२५, राउटर १०, दिवा ९. सगळं मिळून सव्वाशेच्या आत. सहा अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत झेलतं. अडचण तेव्हा येते जेव्हा त्याच एक्स्टेंशनवर इस्त्री, केटल किंवा लेझर प्रिंटर लागतो. लेझर प्रिंटर गरम होताना क्षणभर कित्येक शे वॅट खेचतो, म्हणून तो यूपीएसवर कधीच नको. भिंतीच्या सॉकेटवर स्वतंत्र ठेवा.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात? तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असेल, किंवा सॉकेटची अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसेल. जुन्या इमारतींत दुसरं कारण फार आढळतं. वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकाच दाब दिसला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट. अर्थ नसेल तर स्पाइक गार्ड (अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणारा बोर्ड) अर्धाच उपयोगाचा, कारण जादा दाब जमिनीत सोडायला त्याला वाटच नसते. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही याच वेळी बसवून घ्या.

एक्स्टेंशन बोर्ड लादीवर ठेवू नका. लादी पुसताना पाणी जातं, केर काढताना झाडू अडकतो. टेबलाच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेजवळ दोन स्क्रूंनी टांगा. भिंतीवरून येणारी एकच वायर प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून आणा.

वीज गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी असतेच, अडतं ते राउटरसाठी. त्याला पूर्ण यूपीएस लागत नाही, छोटा डीसी यूपीएस पुरतो. राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा, बहुधा १२ व्होल्ट आणि एक ते दोन अँपिअर असतात. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची जाडी तसंच मधल्या ध्रुवाची खूण जुळली पाहिजे. खोक्यावरचे एमएएच, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा आकडा, बघून भुलू नका. ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. ८००० एमएएच म्हणजे साधारण ३० वॅट-तास, त्यातले पंचवीसेक हाती लागतात, आणि दहा वॅटचं राउटर त्यावर अडीच तास चालतं. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. तिथे लॅपटॉप बुधवारी रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायची सवय लावा.

इंटरनेट

राउटर लोखंडी कपाटामागे, कपाटावर किंवा मोठ्या आरशाशेजारी ठेवलं की सिग्नल तिथेच मरतो. कपाट हलवता येत नसेल तर राउटर समोरच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला लावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जलद, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे टिकत नाही, २.४ चा लांब जातो, पण इमारतीतल्या सगळ्या राउटरची तिथे गर्दी असते. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा दिसेल तो निवडा. टेबल आणि राउटरमध्ये दहा-पंधरा मीटरचं अंतर असेल तर कॅट-६ केबल ओढून टाका. स्कर्टिंगच्या कडेने केसिंगमध्ये ती दिसतही नाही, आणि व्हिडिओ कॉल तुटायचे थांबतात.

फायबरची बारीक वायर टेबलामागे दाबू नका, खिळ्याला गाठ मारून अडकवू नका. आत काच असते. करंगळीभोवती गुंडाळल्यासारखं तिला वळवलं तरी उजेड गळतो आणि यंत्रावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो. तो दिसला की तक्रार नोंदवण्याआधी वायर कुठे चेपली आहे ते बघा.

केबलवाल्याची तांब्याची वायर गच्चीवरच्या स्विचमधून येत असेल तर एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसताच राउटरमधून ती उपसून ठेवा. नुसता राउटरचा विजेचा प्लग काढून भागत नाही. विजेचा झटका या वायरीने येतो आणि राउटरसोबत लॅपटॉपचं पोर्टही जातं.

उजेड आणि आवाज

खिडकी बाजूला हवी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर चकाकी, समोर असेल तर डोळे मिचमिचतात, आणि पाठीमागच्या खिडकीने कॉलवर चेहरा काळा दिसतो. संध्याकाळी ट्यूबलाइट पाठीमागे येत असेल तर टेबलावर स्वतंत्र दिवा घ्या: ९ वॅटचा एलईडी, सुमारे ९०० ल्युमेन, ४००० केल्विन. ६५०० चा निळसर पांढरा रात्री डोळ्यांवर येतो.

कुकरच्या शिट्ट्या थांबवता येत नाहीत, पण माइक तोंडाजवळ आणता येतो. ओठांच्या कोपऱ्यापासून पाच-सात सेंमीवर असलेला हेडसेटचा माइक लॅपटॉपच्या माइकपेक्षा घरातला आवाज कितीतरी कमी पकडतो. खोली घुमत असेल तर फोमचे तुकडे विकत घेऊ नका. खुर्चीमागे जाड पडदा किंवा दोरीवर एक गोधडी टांगा, आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या शेवटी टेबल भिंतीपासून ओढून मागे बघा. प्लायच्या कडेशी पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. भुंग्यावर औषध टोचून भागतं, वाळवीसाठी मात्र भिंत आणि लादीचा सांधा दोन्हींवर उपाय करावा लागतो, नुसतं टेबल बदलून उपयोग नाही. उघडलेलं कागदाचं रीम त्याच्या वेष्टनासकट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. इंकजेट प्रिंटर असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढत जा, नाहीतर नळ्यांच्या तोंडाशी शाई वाळून बसते. हार्ड डिस्क आणि कॅमेऱ्यासाठी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका. निळे दाणे गुलाबी पडले की त्यांनी ओल पुरेशी शोषली. ते पातेलीत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, पण ती पातेली मग स्वयंपाकाला वापरू नका.